पांढरी जागा

चौकातल्या नव्या डेअरीवर आज फ्लेक्स लागला. आमच्या लेकीने, रेवाने नोकरी सोडून घरूनच डिझाइनची कामं घ्यायला सुरुवात केली, त्यातलं हे पहिलं. तिचं चित्र मी आधी पाहिलं होतं. कोपऱ्यात दुधाचं पातेलं, खाली नाव आणि बाकी सगळं पांढरं.

डेअरीचे मालक ते बघायला घरी आले, तेव्हा म्हणाले, "ताई, फ्लेक्सचा दर फुटावर असतो. एवढी जागा मोकळी सोडायला तो काय माझा प्लॉट आहे?"

"काका, ती मोकळी नाही. तेच तर दूध आहे," रेवा म्हणाली.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझा जन्म हिशेबात गेला. मला त्यांचं पटत होतं आणि तिचंही. मी म्हणालो, "चहा घ्या."

आता त्या पांढऱ्यावर मालकांचे वडील, भाऊ, हात जोडलेले मित्र आणि एक गाय आहे. पातेलं गायीच्या पायाशी गेलंय. मूल चालायला लागलं की त्याचं बोट धरता येतं. इथे नेमकं काय धरायचं, ते मला कळत नाही.

संध्याकाळी रेवा दूध घेऊन आली, ते मागच्या गल्लीतल्या जुन्या दुकानातून. बायको म्हणाली, "चौकात नवी डेअरी झाली ना? मग तिकडे मागे कशाला गेलीस?"

रेवा दूध पातेल्यात ओतू लागली.

"तिकडचं दूध चांगलं असतं," मी म्हणालो.

तिकडचं दूध पातळ असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.