तोफेजवळ आडवा पडलेला शिपाई

कारगिलच्या लढाईचे दिवस होते. त्या रविवारी आमच्या फॅक्टरी क्वार्टरच्या व्हरांड्यात मी आणि शेजारच्या वहिनी, दोघेच होतो. बोटाएवढ्या तोफा आणि शिपाई रंगवून टेबलावर जुन्या लढाया खेळण्याचा मला छंद. एक तोफ लाकडी पट्टीवर चिकटवून मी भोवती ग्वारीघाटच्या नदीकाठची वाळू पसरली, चार गोलंदाज शिपाई उभे केले. कोपरा रिकामा दिसत होता, म्हणून पाचवा तिथे मेलेला दाखवून आडवा चिकटवला.

वहिनींचा मुलगा तोफखान्यात होता. महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. वहिनी चष्मा सावरून बघत राहिल्या.

“भाऊजी, हा काहून झोपून राहिला?”

“थकला असेल.”

“अच्छा. मग उठवा त्याला. बाकीचे काम करून राहिले न.”

त्या गेल्यावर मी पात्याने त्याला सोडवला, तर त्याचा पाय मोडून डिंकातच राहिला. त्यावर मी वाळू टाकली.

आठवड्याने पत्र आलं. वहिनींनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

“तुमचा तो उठला न?”

“उठला,” मी म्हणालो. तो रंगांच्या डबीत पडून होता. पेढा मात्र मी खाल्ला.