कोन म्हनून बसू

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. गेल्या हिवाळ्यात गोंदियात माझ्या फोटोंचं प्रदर्शन झालं. त्यात नऊ चेहरे होते. सौंदडचा पानठेलेवाला, तलावात जाळं टाकणारा, धानाची बांधी कसणारा, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, अशी नऊ गावांची नऊ माणसं. प्रत्येक फोटोखाली तसं छापलेलं होतं. लोकांनी ते वाचलं, मला शाल पांघरली, आणि मी खांदे पुढे करून ती घेतली. ती नऊ माणसं नव्हती. एकच माणूस होता. नऊही फोटो गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या माझ्या स्टुडिओत, एकाच स्टुलापुढे उभं करून काढलेले होते.

मी मुळात कमी बोलणारा. माझ्या धंद्यात ते चालून जातं. मान थोडी वर, डोळे उघडे, झालं. पासपोर्ट फोटो, शाळेचे फोटो, लग्नाचा सीझन. पंचविसेक वर्षं हेच केलं. अशात शहरातल्या काही हौशी मंडळींनी ‘आपल्या भागातली माणसं’ असं प्रदर्शन ठरवलं आणि मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला लग्नाच्या अल्बमशिवाय काही मागत होतं. मी हो म्हटलं आणि मोटरसायकल काढून गावं फिरायला लागलो.

नेमके धानाच्या रोवण्याचे, लावणीचे दिवस. माणसं चिखलात वाकलेली, कोणाला माझ्यासाठी उभं राहायला वेळ नाही. जे उभे राहिले ते आधार कार्डाच्या फोटोसारखे उभे राहिले. हात मांडीला चिकटलेले, श्वास रोखलेला. कॅमेरा खाली घेतला की माणूस परत माणूस व्हायचा, वर केला की खांब. मी अनेक संध्याकाळी रिकामा परतलो. दोष त्यांचा नव्हता. मीच वर्षानुवर्षं या भागातल्या लोकांना सांगत आलो होतो, हलू नका, हसू नका.

त्याच दिवसांत तो माणूस बायकोला घेऊन माझ्या दुकानात आला. दवनीवाड्याचा. सत्तरीच्या आसपास, सडपातळ, मिशी नाही, खांद्यावर दुपट्टा. बँकेच्या कामाला फोटो पाहिजे होता. बायकोचे गुडघे दुखायचे, तिला गोंदियाच्या डॉक्टरकडे दर आठवड्याला आणावं लागायचं, त्यातच हे काम उरकून घ्यायचं होतं. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि नेहमीचं बोललो, “बाबाजी, सरळ बसा.”

तो म्हणाला, “बसतो ना जी. पन कोन म्हनून बसू?”

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याची बायको बाकावरून म्हणाली, “त्याइले सांगून द्या बाबू, नाहीतर दिवस इथंच जाईन. आयुष्यभर दंडारीत नाचले. स्वतःच्या तोंडानं बसता येत नाही त्याइले.”

“तू चूप राह्य,” तो म्हणाला. “गुडघे दुखते म्हनते, तोंड नाही दुखत हिचं.”

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री दंडार उभी राहते. गाणं, नाच, सोंगं, सगळं पुरुषांनीच करायचं, बायकांची कामंही. मी लहानपणी पाहिलेली होती, पुढे लक्ष गेलं नाही. मी हसून म्हटलं, “ठीक आहे, सावकार म्हणून बसा.”

तो स्टुलावरून उठला. माझ्याकडे पाठ केली. दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि वळला.

मी कॅमेऱ्यात पाहत होतो. आतमध्ये दुसराच माणूस होता. मान जाड झालेली. होय, जाड. खालचा ओठ पुढे आलेला, डोळे अर्धे मिटून मला तोलणारे, की या माणसाकडून काय काढता येईल. माझं बोट बटणावर पोचायला वेळ लागला. फोटो काढला आणि तो परत वळला, दुपट्टा झटकला, आणि पुन्हा समोर आला तेव्हा त्या सावकाराच्या दारात उभा असलेला माणूस होता. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. मी काही सांगितलं नव्हतं.

ते गेल्यावर मी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून शेजारी लावले. डाव्या भुवईतली जुन्या जखमेची बारीक रेघ दोन्हीकडे होती. कानाची पाळी तीच. एवढ्यावरूनच मला खात्री पटली की दोघं एकच आहेत. मी हजारो चेहरे काढले असतील. चेहरा म्हणजे हाडं आणि कातडी, असं मी धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मी दोनदा आत जाऊन ते फोटो पुन्हा पाहिले. आपण कुठल्या तरी मोठ्या गोष्टीच्या अगदी जवळ उभे होतो आणि इतकी वर्षं आपल्याला ते ठाऊकच नव्हतं, असं वाटत राहिलं.

बँकेचा फोटो तर राहूनच गेला. तेवढं निमित्त करून मी त्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलं, प्रदर्शनाचंही सांगितलं. मग त्याच्या पुढच्या. त्याची बायको डॉक्टरकडून गोळ्या घेऊन बाकावर बसायची आणि तो पाठ फिरवून उभा राहायचा. मी काळा पडदा लावला होता, दिवे बंद ठेवले होते, खिडकीचाच उजेड. पाठ फिरलेली असताना काय होतं ते मला कधीच दिसलं नाही. मी एकदा बाजूनं डोकावलो. त्याला ते बरोबर समजलं.

“तिकडून नाही पाहायचं बाबू,” तो न वळता म्हणाला. “तिकडं कोनीच नाही राहत.”

म्हातारी करायची होती त्या दिवशी त्यानं बायकोचं जुनं लुगडं आणलं होतं. पदर डोक्यावर घेतला, वळला, आणि त्याच्या बायकोनं बाकावर तोंडाला हात लावला. ती म्हातारी रडत नव्हती. तिचा पोरगा कामासाठी दूर गेला असावा आणि ती एसटीच्या वाटेकडे बघत असावी, इतकंच. मी त्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरून होतो आणि मला माझी आई आठवत नव्हती, कोणीच आठवत नव्हतं. मला फक्त वाटत होतं की या बाईला बसायला काहीतरी द्यावं. स्टूल तर तिच्या मागेच होतं.

त्याच दिवशी त्यानं मला त्याची गोष्ट सांगितली. एका मंडईत बाकी मंडळींची गाडी नाल्यात अडकली. लोक वाट पाहून उठायला लागले. तेव्हा ढोलकीवाल्याला घेऊन त्यानं एकट्यानं सगळी सोंगं काढली, उजाडेपर्यंत.

“आता माह्यासंगचे सगळे गेले,” तो म्हणाला. “ज्याइनं पाह्यलं थेही गेले. गावातले पोट्टे म्हन्तेत, बुढा फेकते. एकटा मानूस कसा करन? मी त्याइले का दाखवू आता? ह्या वयात रातभर उभं राहनं होते का?” मग म्हणाला, “तू हे फोटो लावशीन ना मोठ्या हॉलात? खाली माहं नाव लिवजो. सगळ्याइच्या खाली, एकच. मी घेऊन येतो पोट्ट्याइले.”

मी म्हटलं, “लिहितो ना बाबाजी.” अगदी मनापासून म्हटलं होतं.

बिघडलं ते नंतर. प्रदर्शन भरवणाऱ्यांपैकी एक साहेब फोटो पाहायला दुकानात आले. मी नऊ प्रिंट काउंटरवर मांडून ठेवल्या होत्या. ते एकेकीपाशी थांबत गेले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, “क्या बात है भाई. किती गावं फिरलात तुम्ही. हे लोक कॅमेऱ्यासमोर असे उघडतात कुठे? तुम्ही काय केलंत?”

मला फक्त एवढंच बोलायचं होतं की साहेब, हा एकच माणूस आहे. वाक्य तोंडाशी होतं. पण ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होते तसं मला कोणी पाहिलं नव्हतं. ते वाक्य बोललो असतो तर ती नजर माझ्यावरून उठून फोटोतल्या माणसाकडे गेली असती. मी म्हणालो, “वेळ द्यावा लागतो साहेब.”

मग त्यांनी प्रत्येक फोटोखाली छापायला गाव लिहून मागितलं. मी लिहून दिली. सौंदड, सालेकसा, देवरी. जी गावं तोंडात आली ती.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. लोक त्या चेहऱ्यांसमोर बोलणं थांबवत होते, हे मी स्वतः पाहिलं. एक किराणावाला गृहस्थ पानठेलेवाल्याच्या फोटोसमोर दिवसभर येईल त्याला छातीवर हात ठेवून सांगत होता, “अरे, ये तो हमारे सौंदड का है. इसके यहाँ से पान खाया है मैंने.” तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तो भेटलेला होता.

दुपारी तो म्हातारा आला. धुतलेलं धोतर, बायको सोबत, आणि मागे दवनीवाड्याची पाच-सहा तरुण पोरं, मोटरसायकलींवरून आलेली. पोरं आल्याबरोबर रांगेनं फिरायला लागली. चेहरे पाहत होती, पण त्याआधी खालचं छापलेलं वाचत होती. त्यातलं एक सावकाराच्या फोटोपाशी रेंगाळलं. म्हणालं, “हा पाह्यल्यासारखा वाटून राहिला बे.” मग खाली वाचलं, सालेकसा, आणि पुढे गेलं.

शेवटाला पोचल्यावर दुसरा म्हणाला, “आबाजी, तुमचा कोनता? का आपला हॉलच चुकला?”

“ढोलकीवाला आला नसन,” तिसरा म्हणाला. पोरं हसली. वाईट नव्हती ती. हसण्यासारखंच होतं.

म्हातारा एकेका फोटोखालचं वाचत रांगेच्या अर्ध्यापर्यंत आला होता. तिथे थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी शाल पांघरून चार माणसांत उभा होतो. तेवढ्यात मी बोलू शकलो असतो. त्यानं मला पुरेसा वेळ दिला, आजही मला तेच जास्त सलतं. मग तो पोरांकडे वळला आणि म्हणाला, “लावला नाही वाटते. चांगला नसन आला.”

ते म्हणताना त्याचा चेहरा फोटो चांगला न आलेल्या माणसाचा होता, जरा ओशाळलेल्या, साध्या म्हाताऱ्याचा. पोरांना तो खरा वाटला. मलाही वाटला. ते दहावं सोंग होतं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. माझ्यासाठी त्यानं ते घेतलं असेल, तर त्याच्याइतका मोठा नट मी पाहिलेला नाही. आणि घेतलं नसेल, तर मी काय केलं हे मला कळतं.

त्याची बायको म्हातारीच्या फोटोसमोर उभी होती. मी जवळून जाताना ती हळूच म्हणाली, “बाबू, हे लुगडं माहं होय.” एवढंच. मग पदर सावरून नवऱ्याच्या मागे निघून गेली.

यंदा दिवाळीनंतर, मंडई होऊन गेल्यावर, ते दोघं परत दुकानात आले. बँकेनं परत फोटो मागितला होता, तेव्हाचा राहूनच गेला होता. मला वाटलं होतं तो बोलेल, भांडेल. तो स्टुलावर बसला. शेवटी मीच विचारलं, “बाबाजी, त्या दिवशी तुम्ही पोरांना सांगितलं काऊन नाही?”

“सांगून का होते? तुले शाल पांघरली होती. भरल्या हॉलात उतरवाची होती का?” तो म्हणाला. आणि हसला. “थो सौंदडवाला आठवते? पान खाल्लं म्हने माह्याकडचं. असं तर मंडईतही कोनी म्हटलं नाही कधी.”

बायको बाकावरून म्हणाली, “हासून राहिले. यंदा पोट्ट्याइनं दंडारीच्या नमनाले नाही उभं केलं, थे नाही सांगत. दरसाल पहिलं नमन याइचं राहे. म्हन्ले, आबाजी, तुमी घरी बसा, शहरात फोटो लावा.”

“बस झालं,” तो म्हणाला. या वेळी थट्टा नव्हती.

मग त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. कोण म्हणून बसू, असं विचारलं नाही. पाठही फिरवली नाही. मी फोटो काढला. त्यात कोणतंही सोंग नाही. दमलेला, नीट बसलेला एक माणूस आहे, भुवईत जुनी रेघ असलेला. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत मला तोच सर्वांत अवघड वाटतो, आणि त्याच्याकडे मी फार वेळ पाहू शकत नाही.

त्याचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. ते आधी त्याच्या गावानं ऐकायला हवं, हे वाचणाऱ्यानं नंतर. दवनीवाड्याच्या मंडईत, दंडार उभी राहायच्या आधी, ते नऊ फोटो लावून, प्रत्येकाखाली त्याचं एकच नाव लिहून, त्या पोरांसमोर ‘हे नऊही चेहरे आबाजींचेच आहेत, खोटं मी बोललो,’ असं माझ्या तोंडानं सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून केलेलं नाही.