नागिणीच्या वासावर आलेला नाग

माझ्या बहिणीवर नागाने डूख धरला नव्हता.

गाव तेव्हा धरला असंच म्हणालं. आजही म्हणतं. म्हणून आज शालूताईच्या तिथीला हे लिहितोय.

ऐंशीच्या दशकातला माघ महिना. मी पाचवीत. ताई दहावीला बसणार होती.

दिवेलागणीच्या सुमारास आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गोठ्यामागे गवताच्या उडवीत एक नाग मारला. ती नागीण आहे हे तेव्हा कुणी बघितलं?

आमच्याकडे नाग मारला तर तो कुठेही फेकत नाहीत. माणसासारखा अग्नी देतात.

अंधार पडत होता, अग्नी सकाळी द्यायचा ठरला. आबांनी तिला सुंभाने बांधून ओढत अंगणात आणलं. तुळशीपाशी ठेवून वर टोपली झाकली.

"देवा, घरात पोरं आहेत. चूक पदरात घे."

सकाळी पऱ्याकाठी, ओढ्याच्या कडेला, अग्नी दिला. सगळ्यांनी आंघोळी केल्या. संपलं, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी ताई तुळशीला दिवा लावायला गेली.

"आई गो!"

दुसरा नाग वृंदावनाच्या कडेने सरकत गेला. मी पाहिला.

कुणीतरी म्हणालं, देवळातला अंगारा लावा.

आबा ओरडले, "अंगारा नंतर! आधी गाडी बघा!"

शेवटची एसटी गेली होती. चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक मिळाला. पुढे मोठा चढ. ट्रक हलका व्हावा म्हणून ड्रायव्हर स्वतःच चिरे रस्त्यावर टाकायला लागला. आम्हीही टाकले. त्यात वेळ गेला.

मग रत्नागिरीची वाट. ताईचं डोकं आबांच्या मांडीवर, शेजारी मी.

"बाबू, डोळे उघडत नाहीत रे माझे. पापण्या उचल."

मी बोटांनी उचलून धरल्या.

"मेल्या, हात किती गार तुझे." तिची जीभ जड झाली होती. "कुठे आलो?"

"हातखंबा आलं गो."

आलं नव्हतं.

"बोलत राहा तिच्याशी," आबा म्हणत होते. "गप नको बसू."

मी पाढे म्हटले. रामरक्षा म्हटली. येत होतं ते सगळं म्हटलं.

शहराचे दिवे दिसले तेव्हा तिचे डोळे मी उघडेच धरले होते.

ती बघत नव्हती.

नागिणीला मारलं, नागाने डूख धरला, असं गाव म्हणालं. आबांनीही ते मानलं. दर नागपंचमीला वारुळापुढे उभे राहायचे.

"मला का नाही चावलास?" एवढंच विचारायचे.

खूप वर्षांनी मला एक सर्पमित्र भेटला. त्याने सांगितलं, साप जीभ बाहेर काढतो ती वास गोळा करायला. आत टाळूला एक इंद्रिय असतं, तिथे तो वास ओळखतो. मिलनाच्या दिवसांत मादीच्या अंगाचा वास जमिनीला लागून राहतो आणि नर त्या वासाच्या रेघेवरून येतो. तिला कुणी मारलं, हे त्याला कळत नाही. जवळ पाय आला की घाबरून चावतो.

मला वाटलं, आबा सुटले.

घरी येऊन म्हटलं, "आबा, डूखबिख काही नसतो. तुमच्यावर त्याचा राग नव्हता. तो वासावर आला होता."

आबा माझ्याकडे वळले.

"म्हणजे तिला हुडकत आला?"

"हो."

"उडवीपासून तुळशीपर्यंत?"

"हो, आबा."

"मग ती रेघ मीच ओढली की रे."

त्यानंतर ते वारुळाकडे कधी गेले नाहीत. जाब विचारायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

तेही गेले. हेच मनात घेऊन गेले.

मी रोज पूजा करतो. त्यांना काय सांगायला हवं होतं, ते देवाला विचारतो.

शालूताई, आबा आता तुझ्याकडेच आहेत. त्यांना समजाव गो. माझं नाही ऐकलं त्यांनी.

तुझं ऐकतील.

तुम्हा दोघांना भरल्या मनाने नमस्कार.