होडीतली साखरबाईची जागा

उजनी धरणाच्या फुगवट्यावर वल्ही मारणाऱ्या बायका पुष्कळ, पण वाऱ्यात होडी जागच्या जागी धरून ठेवणारी एकच, डाळजची साखरबाई. नुसती होडी हाकायला काय, चार दिवसांत कुणालाही जमतं. पण वारा सुटलेला, नवरा वाकून जाळं ओढतोय आणि होडी खुंटीला बांधल्यासारखी उभी, हे काम तिचंच. आजूबाजूचे गडी आपल्या बायकांना तिचं उदाहरण द्यायचे आणि घरी जाऊन त्याबद्दल बोलणी खायचे.

इथली रीतच तशी. होडीत नवरा-बायकोनं जायचं. बायकोनं वल्ही मारायची, नवऱ्यानं जाळं टाकायचं आणि ओढायचं. वल्ही मारणारी मागं तोंड करून बसते, त्यामुळं दोघं समोरासमोर. घरात धड बघायला फुरसत नसते, पण पाण्यावर सकाळभर एकमेकांची तोंडं बघत बसावं लागतं. साखरबाईनं आबाजीचं तोंड असं सगळं तरुणपण बघितलं आणि त्याच्या मिशा पांढऱ्या होतानाही बघितल्या.

खरं तर दोघंही मेंढरांच्या घरातली. धरणात चराऊ रानं गेली तशी आबाजीच्या बापानं मेंढरं विकून जाळं हातात घेतलं. साखरबाई कळस गावची. लग्न होऊन आली तेव्हा ओढ्यापेक्षा जास्त पाणी तिनं बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी होडीत बसली ती डोळे गच्च मिटून. आबाजीला समजावून सांगायचा आळस. तो मेंढरांना द्यायचा तसा जीभ टाळूला लावून आवाज द्यायचा. एकदा टक् केलं की डावीकडं, दोनदा केलं की उजवीकडं, लांब हुर्र केलं की थांब. दुसऱ्या एखादीनं वल्हं त्याच्या डोक्यात घातलं असतं. साखरबाईला मात्र ही बोली माहेरचीच होती. त्या टकटकीवर तिची भीती गेली आणि संसारही झाला.

त्याच वल्ह्यांनी तिचा खांदा खाल्ला. आधी दुखायचा, मग हात वर जाईना, मग वेणी घालायला शेजारची छबूबाई लागू लागली. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, खांद्याची वाटी झिजलीय, आता वल्हं बंद. साखरबाईनं विचारलं, “किती दिस बंद?” डॉक्टर म्हणाले, “कायमचं, मावशी.”

मुलगा दिग्विजय बारामतीला कंपनीत कामाला. आईबापाचा फार कळवळा, आणि कळवळ्याच्या माणसाला दम नसतो. महिन्याभरात तो टेम्पोतून नवी होडी घेऊन आला. प्लास्टिकची, भगव्या रंगाची, आणि तीही तुकड्यांची. पुढचा तुकडा, मागचा तुकडा, मधे कड्या दाबल्या की झाली होडी. वल्हं नाहीच. खुर्चीत बसायचं आणि सायकलीसारखं पायडल मारायचं. खाली दोन पाती हलतात आणि होडी पळते. हात जाळ्याला मोकळे.

“आबा, आता आईची गरजच न्हाय बघा!” दिग्विजय आनंदानं म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे साखरबाईलाही कळत होतं.

तिनं नव्या होडीवर भंडारा टाकला आणि नारळ तिच्या पुढच्या टोकावर, नाकाडावर आपटायला उचलला. दिग्विजय ओरडला, “आई, प्लास्टिक हाय, तडकंल!” मग नारळ काठावरच्या दगडावर फुटला. जुनी पत्र्याची होडी दिग्विजयनं त्याच टेम्पोतून भंगारात घातली. म्हातारा पुन्हा तिच्यात बसेल आणि म्हातारीला बसवेल, अशी त्याला धास्ती होती.

“सुटलीस बाई एकदाची,” छबूबाई म्हणाली. साखरबाई हसली. दुसरं काय करणार?

आबाजी पहिले दोन दिवस कुरकुरला, तिसऱ्या दिवशी रुळला आणि आठवड्यात लहान पोरासारखा नादावला. जिथं वल्ह्यानं जायला सकाळ मोडायची, तिथं तो गाणं म्हणत जाऊन यायचा. काठावर पोरं मोबाईल धरून त्याचं शूटिंग घ्यायची. साखरबाई धुणं घेऊन मुद्दाम त्या वेळी काठावर जायची. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. सुरुवातीला तिला ऐकू यायचं, आबाजी सवयीनं टक् करायचा. समोर कुणी नाही हे ध्यानात येऊन गप्प व्हायचा. ते ऐकून तिला वाईट वाटायचं आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटायचं. मग हळूहळू ती टकटक थांबली. मासळी मात्र थांबली नाही. चिलापी, मरळ, कधी वांब, सगळं पूर्वीसारखंच. तिला त्या प्लास्टिकच्या डब्याचा हेवा वाटला.

एकदा दिग्विजय बोलता बोलता म्हणाला की या होडीला मधला तुकडाही मिळतो, तो बसवला की दोघांची होडी होते. साखरबाईच्या डोक्यात हे असं बसलं की निघेना. खांदा गेला, पण पाय तर शाबूत होते! कळसच्या माळावर मेंढरांमागं फिरलेले पाय. ती फोनवर रोज तेच काढायची.

“आई, तू आता आराम कर की.”

“आराम मेल्यावर हायच. तू मधला तुकडा आण.”

शेवटी तुकडा आला. आबाजीनं कड्या दाबून तुकडा बसवला. साखरबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, कासोटा घट्ट मारला आणि सकाळी उन्हं यायच्या आत पुढच्या खुर्चीत जाऊन बसली. आबाजी मागं. दिशा फिरवायचा दांडा त्याच्या हाताशी.

पायडल तिला छान जमलं. होडी पळत होती, वारा तोंडावर येत होता. पण समोर नुसतं पाणी. नवरा पाठीमागं. तो काय करतोय, कुठं बघतोय, तिला काही दिसेना. मान वळवली की खांद्यातून कळ यायची.

जाळ्याजवळ आल्यावर पाठीमागून टक् आवाज आला. किती महिन्यांनी! तिचे दोन्ही हात आपसूक पुढं गेले, वल्हं धरायला. हातात काहीच नव्हतं. आणि तोवर होडी डावीकडं वळलीसुद्धा होती. आबाजीनं आवाज दिला होता आणि दांडाही त्यानंच फिरवला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

तिनं घाईनं पायडल मारलं. आपणही काहीतरी करावं म्हणून. आबाजी त्याच वेळी जाळं उचलत होता. जाळं पात्यांत गुंतलं आणि फाटलं. साखरबाई शिव्यांची वाट बघत बसली. पूर्वी एवढ्याशा चुकीला त्यानं तिच्या माहेराचा उद्धार केला असता, तिनंही त्याच्या मिशांचा केला असता, आणि दोघंही हसत काठाला लागली असती.

“असू दे,” आबाजी म्हणाला. “हुतं असं. तू पाय वर घे. नुसती बस. मी बघतो.”

पाहुणीला बोलावं तसं बोलला. साखरबाईनं पाय वर घेतले. उरलेला सगळा वेळ ती मांडीवर हात ठेवून पाण्याकडं बघत बसली. तिला रडू येत होतं, पण पाठीमागच्याला ते दिसणार नव्हतं, म्हणून तिनं ते येऊ दिलं.

संध्याकाळी आबाजीनं मधला तुकडा सोडवून भिंतीला टेकवला.

“त्या कड्या नीट बसत न्हाईत,” तो तिच्याकडं न बघता म्हणाला. “बघू दिग्विजय आल्यावर.”

कड्या चांगल्या बसत होत्या. तिनं सकाळी स्वतः बघितलं होतं. “ठेवा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आधी जागी झाली, पण उठली नाही. तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. त्यानं हाक मारली तर तुकडा परत बसवून जायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्याच्याकडं पाठ करून जायचं, पाय वर घेऊन जायचं, पाहुणी म्हणून जायचं, पण जायचं. आबाजी उठला. जाळं खांद्यावर टाकलं. तिच्या अंथरुणापाशी येऊन थांबला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

सगळ्या आयुष्यात या माणसानं दार आपटल्याशिवाय कधी लावलं नव्हतं. त्या सकाळी त्यानं ते दोन्ही हातांनी धरून, जराही आवाज न करता लावून घेतलं.