उघडा ठेवायचा नळ

यांगस्कित नवी सून होती, तेव्हा भिंतीपलीकडचं भांडण तिच्या कानी पडलं.

"आबा-ले, गल्लीतला नळ आजच रिकामा करू या," थोरले दीर म्हणत होते.

"उद्या पाहुणे यायचेत. त्यांना काय बर्फ चाटायला देऊ?" सासरे म्हणाले.

नळ तसाच राहिला. रात्रीत गोठून पाइप जमिनीखाली फुटला, आणि लडाखची गोठलेली जमीन खणणार कोण? हिवाळाभर पाणी ओढ्यावरून. सासू पाठीवर डबा घेऊन बर्फावरून घसरली, ती अंथरुणावरून पुन्हा उठलीच नाही.

तेव्हापासून नळ यांगस्कितने आपल्याकडे घेतला. थंडीचा वास आला की ती तो रिकामा करायला निघायची.

"आचे-ले, नळाला स्वेटर विणलात का?" शेजारचा स्तोबदन चिडवायचा.

"विणलाय. उरलेल्या लोकरीत तुझं तोंड बांधते."

म्हातारपणी, नळ सांभाळायच्या शेवटच्या साली, खोकल्याने ती निम्मी झाली होती. तरी दुपारी नळाशेजारच्या खड्ड्यात उतरून तिने पाण्याची चावी बंद केली, निचऱ्याची उघडली. वरचा नळ उघडाच ठेवला. वरून हवा शिरली तरच खालून पाणी सुटतं. मग दम लागला म्हणून घरी जाऊन पडली.

ऊन डोंगराआड गेल्यावर येऊन बघते, तर खड्ड्यात थेंबाचाही आवाज नाही. आणि वरचा नळ घट्ट बंद.

"मीच बंद केला, आमा-ले," मागून आलेली सून स्पाल्झेस म्हणाली. "टपकत होता. पाणी वाया गेलं की तुम्हीच ओरडता ना?"

सगळं पाणी पाइपातच अडकलेलं. यांगस्कितने नळ पिळला, तो हलेना. बोटं लोखंडाला चिकटू लागली. डोळ्यांपुढे सासूचं अंथरूण आलं.

"गरम पाण्याची किटली आण. पळ."

नळाला चिंध्या गुंडाळून तिने त्यांवर पाणी ओतलं, अगदी बेताबेताने. नळ कुरकुरत फिरला. पण खड्डा गप्पच.

"सुटेल ना, आमा-ले?"

"बोलू नकोस."

तिने नळाच्या तोंडाला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आत कुणी घुटका घ्यावा तसा आवाज झाला, आणि खाली खड्ड्यात पाणी खळखळलं.

स्पाल्झेस हुंदके देऊ लागली.

"रडायचं ते घरात. इथे गालावर गोठेल."

शेवटचा थेंब पडेपर्यंत यांगस्कित तिथेच उकिडवी बसून खोकत राहिली. मग खड्ड्यात पेंढा भरला, वर पोती, पोत्यांवर फळी, फळीवर दगड. नळ उघडा आहे ना, हे पुन्हा एकदा चाचपलं आणि रिकामी किटली घेऊन चढ चढू लागली.