कुलपासकट प्रत

डिचोलीच्या आमच्या शाळेत लिनक्सवर चालणारे जुने संगणक आले तेव्हा प्रत्येक मुलाला स्वतःचं खातं मिळालं. आपली फाइल दुसऱ्याला उघडता येऊ नये म्हणून परवानग्या कशा लावायच्या, ते मीच शिकवलं. "एकदा बंद केलीत की कोणाला उघडता यायची नाही," मी ऐटीत सांगितलं, "मलासुद्धा नाही." हे शेवटचं खोटं होतं. यंत्र सांभाळणाऱ्याला सगळंच उघडता येतं. पण मुलांचे चेहरे असे खुलले होते की मला राहवलं नाही.

त्या वचनावर खरा विश्वास ठेवला एका मुलीनं. तिचे वडील सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आलेले, बिऱ्हाड मुळगावात. आईला लिहिता येत नव्हतं. गावी फोन करायचा तर शेजाऱ्यांच्या घरातून, चारचौघांच्या देखत. तिथे मनातलं काय बोलणार? म्हणून आई सांगायची, मुलगी ते लक्षात ठेवून शाळा सुटल्यावर टाइप करायची, आणि कागद आजोळी जायचा. फाइल लगेच बंद. प्रिंटरमधला कागद मी उलटाच तिच्या हातात द्यायचे. तेवढी शिस्त माझ्यात होती.

मे महिन्याच्या सुट्टीआधी मी बॅकअप घेतला, तो ऑफिसातल्या विंडोजच्या डिस्कवर. त्या डिस्कवर फाइल मावते, पण लिनक्सवर ती कोणाची होती आणि कोणी उघडायची, ही नोंद तिथे उतरत नाही. मी फाइली मोजल्या, बरोबर भरल्या, आणि स्वतःवर खूश झाले. पावसाळ्यात शाळेची मूळ डिस्क गेली. बॅकअप परत चढवला तर सगळ्या फाइलींची मालकी माझ्याकडे, आणि मुलांना स्वतःचेच निबंध बदलता येईनात. पाठीमागे कलकलाट. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. एक आदेश ठोकला आणि सगळ्यांना सगळं खुलं करून टाकलं.

चार दिवसांनी व्हरांड्यात दोन मुली एक ओळ चालीवर म्हणत होत्या, "आये, हयसर माका कोण वायट बोलणा नाय, पण माज्याशी कोण बोलणाच नाय."

ओळ त्या मुलीच्या आईच्या कागदातली होती. म्हणणाऱ्या दोघी त्यांच्याच वाड्यावरच्या, शेजारच्या घरातल्या. मी वर्गाला असं झापलं की पलीकडचा वर्गसुद्धा गप्प झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दार सताड उघडं टाकलं होतं ते मी. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी शाळेत आली नाही. मला जेवण गोड लागेना.

मग अक्कल आली. परवानग्यांसकट प्रत घ्यायला शिकले. फाइलला आणखीही चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात, त्यांना एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात, आणि मुद्दाम सांगितलं नाही तर त्याही मागे राहतात, हे पुढे कळलं. आता मी बॅकअप वेगळ्या जागी उतरवून पाहते, आणि फाइली मोजून थांबत नाही, कोणती कोणाची आणि कोणाला खुली तेही बघते. त्या वेळी फोल्डरच्या नावांवरून मालकी ज्याची त्याला लावून देता आली. बंद फाइली कोणत्या होत्या, हे मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक. तिला ते विचारायला मी शनिवारी बसने मुळगावला गेले. खरं म्हणजे माफी मागायला.

आईनं बसायला कदेल पुढे केलं, चहा आणि पाव ठेवला. मुलगी दाराआड.

"शेजारीण इली हुती," आई म्हणाली. "'आमी तुज्याशी बोलणव नाय काय?' म्हणान इचारूक लागली. मी काय सांगतलंय? आता कागद नको आनी शाळाय नको."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पोरीची नाही. तुमचं कुलूप मी उघडं टाकलं."

"आता कुलूप घट आसा?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. "बाकी कोणाला उघडणार नाही," मी म्हणाले. "मला मात्र उघडतं. आधीही उघडत होतं. मी खोटं बोलले होते. उघडणार नाही, एवढंच सांगू शकते."

तिनं कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "चाय निवता, बाई."

सोमवारी शाळा सुटल्यावर मायलेकी दोघी आल्या. मुलगी संगणकापाशी बसली. आईनं मला सरळ सांगितलं, "तुमी भायर बसा." मी वह्या घेऊन व्हरांड्यात बसले. आतून नुसती कुजबुज ऐकू येत होती, शब्द नाहीत. कान टवकारले नाहीत असं म्हणणार नाही. एकही वही तपासून झाली नाही.

थोड्या वेळानं आई जनेलाच्या गजांआडून डोकावली.

"बाई," तिनं विचारलं, "तुमी आमच्याकडे इल्यात, तां कागदात आवशीक कळवलंय तर चलात मा?"