पडताळणीचा रकाना

कोणताही कागद हातात आला की त्या आधी तो उलटा करत. मागची बाजू कोरी आहे याची खात्री झाली की मगच चष्मा सारखा करून पहिली ओळ वाचायला घेत. 'कोण कुठं काय लिहून ठेवते, भरोसा नाही,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्या रागाने म्हणत नसत. आज उकडतंय, अशा सुरात म्हणत.

जबलपूरच्या एका खासगी शाळेच्या कार्यालयात त्या मुख्य लिपिक होत्या. शाळेत सगळे त्यांना 'दीदी' म्हणत. मी घरी मराठी बोलणारा, म्हणून 'ताई' म्हणायचो. आमची घरं अधारतालमध्ये दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती, पण ओळख झाली ती कामातून. मी एका हिंदी दैनिकात न्यायालयाच्या आणि शाळा-कॉलेजांच्या बातम्या करतो. शाळेची कोणतीही माहिती हवी असली की त्यांच्या खिडकीपाशी उभं राहावं लागे, आणि खिडकीतून एकच उत्तर येई, 'लिहून द्या.'

शाळेच्या खिडकीमागे अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. आपण आत जायच्या आधीच आपल्यावर कसला तरी संशय घेतला गेला आहे, असं वाटायला लावणारी.

एकदा एक निवृत्त सुभेदार नातीला मधल्या सुट्टीत घरी न्यायला आले. घरात पाहुणे होते. ताईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि त्यांच्या देखत मुलीच्या आईला फोन लावला. 'एक बुज़ुर्ग आए हैं. अपने आप को आपका पिताजी बता रहे हैं.' सुभेदार ताडकन उभे राहिले. 'बता रहे हैं मतलब? मैं हूँ!' ताई फोनवर हात ठेवून म्हणाल्या, 'वही तो पूछ रहे हैं, भैया.' दुसऱ्या दिवशी सुभेदार पुन्हा आले. ओळखपत्राची प्रत खिडकीत ठेवली, ताईंना कडक सलाम ठोकला आणि निघून गेले. ताईंनी ती प्रत उलटी करून पाहिली आणि फाईलला लावली.

रजेच्या अर्जावर बापाने आईची सही ठोकून दिली तर त्यांना पहिल्या नजरेत कळे. 'मॅडम की साइन गुरुवार को अलग रहती है क्या?' असं त्या विचारत. बाप बिचारे हसून अर्ज परत घेत.

शाळेचे बाकीचे निरोप आता मोबाईलवर जात. सहलीचं संमतीपत्र मात्र त्यांनी कागदावरच ठेवलं होतं. मोबाईलवरचा निरोप पाठवणाऱ्यालाच पुसता येतो, हा त्यांचा मुद्दा. त्या संमतीपत्रात सोबत जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी असे आणि प्रत्येक नावापुढे पोलीस पडताळणीचा रकाना. हा रकाना त्यांनीच घातला होता. काही वर्षांपूर्वी भेडाघाटच्या सहलीला नेलेल्या गाडीच्या चालकाकडे परवानाच नव्हता, हे परतल्यावर कळलं होतं. तेव्हापासून. प्राचार्य पालकसभेत अभिमानाने सांगत, 'हमारे यहाँ हर नाम की जाँच होती है.' यादीत वर्षानुवर्षं तीच नावं आणि पुढे तेच दोन शब्द, 'सत्यापन पूर्ण', म्हणजे पडताळणी झाली. कोणी वाचत नसे.

त्या वर्षी हिवाळ्यात कुंडमच्या बाजूला, जंगलाजवळ, तीन दिवसांचं शिबिर ठरलं होतं. चाळीस मुलं. शिबिराचे प्रमुख शाळेचे खेळ शिक्षक.

एका मंगळवारी न्यायालयात मला त्या शिक्षकांच्या नावाचं चालान दिसलं. आरोपपत्राला आमच्याकडे चालान म्हणतात. शाळेबाहेर ते एक खासगी प्रशिक्षण वर्ग चालवत. तिथल्या एका मुलाला त्यांनी हॉकी स्टिकने मारलं, त्याचा हात मोडला, असा आरोप होता. मी संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, 'स्कूल का पक्ष लाओ, तब छापेंगे.' नियमाला धरून होतं. मी मान डोलावली.

गुरुवारी मी चालानची एक जादा प्रत घेऊन शाळेत गेलो. प्राचार्य भेटले नाहीत. ताईंनी कागद घेतला, उलटा केला, सरळ केला, वाचला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

'शाळेचं काय म्हणणं आहे?' मी विचारलं.

'लिहून द्या.'

मी तिथेच प्रश्न लिहून त्या प्रतीसोबत दिला. त्यांनी आवक शिक्का मारला, क्रमांक घातला आणि कागद फाईलमध्ये ठेवला. फाईलच्या नाड्या बांधताना त्यांनी दोनदा गाठ मारली. मी बाहेर येऊन वहीत नोंद केली: कागद दाबणार.

यापुढचं सांगताना मी माझ्या वहीवरच विसंबतो आहे. शुक्रवारी उत्तर नाही. खेळ शिक्षक नेहमीप्रमाणे मैदानावर. शनिवारी संध्याकाळी मला ताई सराफ्यात दिसल्या. सोनारांच्या गल्लीत, एका दुकानाच्या पायरीशी, खेळ शिक्षकांशी बोलत होत्या. शिक्षक हात जोडून काही सांगत होते. ताईंनी पर्समधून कागद काढला, शिक्षकांनी त्यावर काहीतरी लिहिलं, ताईंनी तो पुन्हा पर्समध्ये टाकला. माझी नोंद: दोघांचं आधीच ठरलेलं दिसतं.

सोमवारी मी खिडकीपाशी गेलो.

'उत्तराचं काय, ताई?'

'होऊन राहिलं.'

'शनिवारी सराफ्यात होता तुम्ही.'

'हो. तुम्ही पण होते.' त्यांनी हजेरीपट ओढून घेतला. 'चलो, मुलांचा टाइम झाला.'

मी निघालो तेव्हा मैदानावर शिट्टी वाजत होती. मुलं-मुली रांगेत धावत होती. माझ्याकडे चालानची प्रत होती, शाळेचं म्हणणं नव्हतं. म्हणून बातमी नव्हती. मी थांबलो. तो आठवडा मी दुसऱ्या बातम्या केल्या.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी संमतीपत्रं मुलांच्या डायऱ्यांतून घरी गेली. शुक्रवारी शिबिराला निघायचं होतं. यादीत चार नावं. तिघांपुढे 'सत्यापन पूर्ण'. खेळ शिक्षकांच्या नावापुढचा रकाना पुरला नव्हता, म्हणून अक्षर बारीक केलं होतं: 'बालक से मारपीट के प्रकरण में न्यायालय में चालान पेश. प्रकरण विचाराधीन. आरोप सिद्ध नहीं. प्रति कार्यालय में देखी जा सकती है.' खाली प्राचार्यांची सही.

मंगळवारी सकाळी साडेसातला कार्यालयाच्या व्हरांड्यात पन्नासेक पालक होते. मला एका पालकाने फोन करून बोलावलं. मी दाराशी, खांबाला टेकून उभा राहिलो आणि वही काढली.

'अरे, मास्टर है, थोड़ी-बहुत पिटाई तो करेगा ही,' एक जण म्हणाला. 'हम भी पिटे हैं.'

'दिख रहा है,' मागून कोणीतरी बोललं. लोक हसले.

'मेरे बच्चे को तो सर बहुत मानते हैं.'

'तो आप भेज दीजिए अपने को! हमारा नहीं जाएगा.'

प्राचार्य बाहेर आले. हातात तेच संमतीपत्र. 'दीदी, यह लिखने से पहले मुझसे पूछा था आपने?'

'सर, नीचे आप ही के दस्तखत हैं.'

'मैंने पढ़ा नहीं था!'

मागून मघाचाच आवाज म्हणाला, 'वाह.'

प्राचार्य आत गेले. ताई दारात उभ्या राहून एकेकाला चालानची प्रत दाखवत होत्या. 'आरोप आहे, साबित नाही,' हे प्रत्येकाला सांगत होत्या, मराठी असला तर मराठीत, नाहीतर हिंदीत. खेळ शिक्षकांच्या बाजूने कोणी बोललं तर त्यालाही तेच सांगत होत्या.

एक बाई पुढे आल्या. नवरा बँकेत, वर्षभरापूर्वीच नाशिकहून बदलून आलेले. मुलगी खो-खोच्या संघात, रोज शाळा सुटल्यावर तासभर मैदानावर.

'तुम्ही मराठी आहात ना? मग मला सरळ सांगा. तुम्हाला हे कधी कळलं?'

'आधी बसा. काहून उभ्या राहिल्या?'

'मला बसायचं नाहीये. कधी कळलं?'

ताईंनी प्रत खाली ठेवली. 'मागच्याच्या मागच्या गुरुवारी.'

बाईंनी बोटांवर मोजलं. 'बारा दिवस. बारा दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि माझी मुलगी रोज त्या माणसापाशी होती?'

'हो.'

'आणि तुम्ही इथे बसून होता?'

'हो.'

'कोणी सांगितलं होतं तुम्हाला?'

'कागद आला होता,' ताई म्हणाल्या.

मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी ते संभाषण शब्दशः उतरवून घेतलं. मला चौदा दिवसांपासून माहीत होतं, ही नोंद वहीत नाही.

बुधवारी बातमी छापून आली. आता शाळेचं म्हणणं होतं, गर्दी होती, फोटोही होता. खेळ शिक्षक रजेवर गेले. शिबिर झालंच नाही. खटला अजून चालू आहे, आणि ताईंनी लिहिलं तेच मीही लिहितो: आरोप सिद्ध झालेला नाही.

ताईंना महिन्याभरात दोन पत्रं मिळाली. एक संस्थेचं, वरिष्ठांना अंधारात ठेवल्याबद्दल खुलासा मागणारं. दुसरं पालकांचं, बारा दिवस माहिती लपवल्याबद्दल कारवाईची मागणी करणारं, नाशिकच्या त्या बाईंची सही सर्वांत वर. संस्थेला त्यांनी पानभर खुलासा दिला. पालकांना दिलेलं उत्तर एका ओळीचं होतं: 'देर हुई, यह सही है.'

सत्र संपताना त्यांनी नोकरी सोडली. सोडायला लावली, असं शाळेतले लोक म्हणतात. त्या स्वतः तसं म्हणाल्या नाहीत. निघायच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. सामान बांधून ठेवलं होतं. त्या नागपूरला बहिणीकडे जाणार होत्या. चहा दिला. मी सराफ्याचं विचारलं.

'एका नावाचे दोन माणसं राहतात,' त्या म्हणाल्या. 'चालानात बापाचं नाव होतं, पत्ता नव्हता बरोबर. त्यालाच विचारलं, हा तूच का? शाळेत बोलेना, तर त्याच्या भावाच्या दुकानात गेली. रडला. मग लिहून दिलं त्यानं, मीच आहे म्हणून.'

'आणि प्राचार्य?'

'शुक्रवारीच नोट ठेवली होती त्यांच्यासमोर. शिविर के बाद देखेंगे, असं लिहून आली परत. पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.'

'हे तुम्ही पालकांना का नाही सांगितलं?'

'त्या बाईनं विचारलं, तुम्हाला कधी कळलं. सरांना कधी कळलं, ते नाही विचारलं.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'तुम्हाला कधी, ते पण नाही विचारलं.'

मी कप खाली ठेवला. त्याच पुढे म्हणाल्या, 'गुरुवारीच फोन लावायला पाहिजे होते मी, चाळीस घरी. खरं आहे तिचं. मी कागद पक्का करत बसली. सगळ्यांवर शक केला जन्मभर, अन् त्या पोरांची घाई नाही केली.'

निरोप देताना त्या फाटकापर्यंत आल्या. 'चलो, भैया,' म्हणाल्या. पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, आणि शाळेच्या संमतीपत्रातून तो रकाना गेला आहे. विचारलं तर कार्यालयातले नवे बाबू सांगतात, फॉर्म छोटा किया है.

गेल्या महिन्यात अधारतालच्या मुख्य रस्त्यावर भाजी घेताना नाशिकच्या त्या बाई भेटल्या. मुलगी सोबत होती, उंच झालेली. बाईंनी मला ओळखलं आणि मनापासून नमस्कार केला.

'तुमच्यामुळे सगळं बाहेर आलं, दादा. नाहीतर त्या ऑफिसातल्या बाईंनी दाबूनच टाकलं होतं.'

'रकाना त्यांनी भरला होता,' मी म्हणालो.

'बारा दिवसांनी!'

'मला चौदा दिवसांपासून माहीत होतं. त्यांना तो कागद मीच नेऊन दिला होता.'

त्या हसत होत्या, त्या हसण्यातच थांबल्या. ओठ हलले, बहुधा पुन्हा मोजत असाव्यात. मुलगी माझ्या बाजूला उभी होती, हातात मेथीची जुडी. बाईंनी तिचं मनगट धरून तिला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं आणि माझ्याकडे न पाहता रस्ता ओलांडला.